पंधरा आणि पन्नास यांच्या मधली मोटार

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकातील वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकाने पंधरा वर्षांवरील सर्व खासगी मोटारी सरसकट भंगारात काढाव्यात, अशी मागणी केली होती. सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटे धूर खात उभ्या राहिलेल्या कोणालाही त्या मागणीमागचा त्रागा कळेल. मलाही तो कळतो. परंतु माझ्या घरी चाळिशीला टेकलेली एक मोटार आहे, ती नियमाने रस्त्यावर येते, तिची सर्व कागदपत्रे चालू आहेत आणि तिला भंगारात घालण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्यामुळे त्या पत्रातील ‘सरसकट’ या शब्दाबद्दल काही लिहावे असे वाटले. पत्र थोडे लांबले आहे. त्याला कात्री लावण्याचा आपला अधिकार मान्य आहे. ती शेवटच्या आकड्यांवर चालू नये, इतकीच विनंती.

मोटार आहे १९८६ सालची टोयोटा एमआर-२. दोनच माणसे बसतील अशी, बसकी, लाल रंगाची आणि पुढचे दिवे झाकणाखाली दडलेले असलेली. बटण दाबले की ते दिवे वर येतात, म्हणून गल्लीतील मुले तिला ‘डोळेवाली गाडी’ म्हणतात आणि ‘काका, डोळे उघडा ना’ असा हट्ट धरतात. ब्रिटनमध्ये काही वर्षे नोकरी केलेल्या एका डॉक्टरांनी १९८८ साली कायमचे परत येताना ती सोबत आणली होती. परदेशातील बिऱ्हाड हलवून येणाऱ्याला त्या काळी भरमसाट सीमाशुल्क भरून स्वतःच्या वापरातील मोटार आणता येत असे. पुढे डॉक्टरांचे वय झाले आणि मोटार पुण्यात एका बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली कित्येक वर्षे उभी राहिली. मी ती २००९ मध्ये घेतली तेव्हा तिच्या आसनाखाली मांजरीने संसार थाटलेला होता. मी व्यवसायाने यंत्रमागधारक. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल विणण्याचा छोटा कारखाना तीस वर्षे चालवला, आता तो मुलगा पाहतो. मोटारींचे शिक्षण असे मला नाही. जे काही यंत्रज्ञान आहे ते जॉबरच्या, म्हणजे माग जोडून-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली उभे राहून मिळवलेले आहे.

हे सांगण्याला कारण आहे. अनेकांनी मला विचारले की, सोलापुरात राहून, टॉवेल विणून, या माणसाला जपानी स्पोर्ट्स कारचे वेड कोठून लागले? त्याचे उत्तर मागातच आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने आयुष्य माग सुधारण्यात घालवले आणि १९२४ मध्ये त्याच्या कारखान्यात असा स्वयंचलित माग तयार झाला की धोट्यातील कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची नळी, संपली तर माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग आपोआप थांबे. ज्याने रात्रपाळीत तुटलेल्या धाग्यामुळे वाया गेलेले हातभर कापड पाहिले आहे, त्याला या दुसऱ्या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. देशातील जुन्या गिरण्या ज्या लँकेशायरकडून यंत्रे आणत, तेथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये या जपानी मागाचे हक्क विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये त्याच माग-कारखान्यात मोटारीचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये त्यातून टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्र झाली. सुझुकीचीही कथा वेगळी नाही. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सु येथे सुरू केला तो मागाचाच कारखाना. सोलापूरच्या प्रत्येक पेठेत उभ्या असलेल्या मारुतीच्या नावापुढे जे नाव लागते, त्याचा उगम असा आमच्या धंद्यात आहे. आपल्या गावाने माग धरला आणि चादर, टॉवेल विणत राहिले. त्यांनी माग धरला आणि मोटारीपर्यंत पोहोचले. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, सोलापुरी चादर आपल्या जागी थोर आहे, पण ही मोटार माझ्या दारात उभी असली की ती मला परक्या घरची वाटत नाही, एवढे खरे.

आता तिच्या गुणांविषयी. जपानी स्पोर्ट्स कार म्हटले की जाणकार १९६७ च्या टोयोटा २०००जीटीपासून सुरुवात करतात, मग १९६९ ची डॅटसन २४०झेड, १९७८ ची माझदा आरएक्स-७, १९८९ ची माझदा एमएक्स-५ आणि १९९० ची होंडा एनएसएक्स अशी नावे येतात. एमआर-२ या रांगेत थोडी बुटकीच, परंतु १९८४ मध्ये ती विक्रीला आली तेव्हा इंजिन मध्यभागी असलेली, मोठ्या संख्येने बनवलेली ती जपानची पहिली मोटार होती आणि त्या वर्षीचा जपानमधील सर्वोत्तम मोटारीचा किताबही तिलाच मिळाला. मध्यभागी म्हणजे आसनांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांच्यासाठी हे एका शब्दात सांगता येते. ओझे पुढे गेले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे गेले तर ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. आपल्या बहुतेक मोटारी धुरजड आहेत. या मोटारीत ओझे जवळजवळ मधोमध, किंचित उलाळकडे झुकते ठेवलेले आहे. त्यामुळे पुढची चाके हलकी राहतात आणि सुकाणूला कोणतीही यांत्रिक मदत नसूनही ते दोन बोटांनी फिरते. वळणावर मोटार माणसाच्या कमरेभोवती फिरल्यासारखी वाटते. वजन हजार किलोंच्या आसपास, इंजिन १५८७ सीसीचे, चार सिलिंडर, सोळा झडपा, माथ्याच्या रचनेत यामाहाचा हात. ताकद सुमारे १२० अश्वशक्ती. आजच्या मोटारींच्या मानाने हा आकडा काहीच नाही आणि मला त्याहून अधिक नको आहे.

उलाळ गाडीचा धोकाही उलाळच असतो. पहिल्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरीनंतर तुळजापूरच्या घाटात एका वळणावर मी नको तेवढ्या वेगाने शिरलो आणि घाबरून पेट्रोलचा पाय उचलला. भार एकदम पुढे गेला, मागची चाके हलकी झाली आणि मोटारीने मला सोलापूरकडे तोंड करून उभे केले. समोरून कोणी येत नव्हते, ही आई तुळजाभवानीची कृपा. त्या दिवसापासून माझा नियम आहे की, जे काही सावरायचे ते वळणाआधी सावरायचे. वळणात पाय उचलायचा नाही. रस्ता ओला असेल तर मोटार बाहेरच काढायची नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला मी जुळे सोलापुरातून निघतो. कधी हैदराबाद रस्त्याने नळदुर्गापर्यंत, कधी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला. त्या वेळी रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि पायी चालणारे भक्त यांच्याखेरीज फारसे कोणी नसते, ज्वारीच्या शेतांवरून गार वारा येतो आणि इंजिन पाठीशी असल्याने त्याचा प्रत्येक श्वास कानाशी ऐकू येतो. इंजिनाच्या मिनिटाला साधारण साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास हवेच्या वाटेतील जादा झडपा उघडतात आणि आवाज बदलतो. इतका वेळ गुणगुणणारा मनुष्य एकदम खड्या स्वरात गाऊ लागावा तसा. आकड्यात सांगायचे तर त्या क्षणी वेग कायद्याच्या मर्यादेतच असतो, आणि माझ्या मते या मोटारीचे खरे सुख तेथेच आहे. नव्या, ताकदवान मोटारी मी मुलाच्या चालवून पाहिल्या आहेत; त्यांत तीच मजा घ्यायची तर तुरुंगात जावे लागेल. गिअर बदलताना लहानसा दांडा कटकन् जागेवर बसतो, तेव्हा धोटा नीट पेटीत गेल्याचे जे समाधान मागावर मिळे, नेमके तेच हाताला मिळते. साडेआठपर्यंत मी घरी परततो. सामान ठेवायला जागा बेताची आहे आणि मागची पेटी इंजिनाला लागून असल्याने तापते. शेंगाचटणीला त्याचे काही होत नाही, पेढे मात्र मांडीवर ठेवून आणावे लागतात. सौभाग्यवतींचे या मोटारीविषयी एकच म्हणणे आहे की, जिच्यात नातवंड बसत नाही तिला घरची गाडी म्हणू नये. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सोलापूरचा उन्हाळा हा या मोटारीचा खरा परीक्षक. रेडिएटर पुढे नाकाशी आणि इंजिन पाठीमागे, त्यामुळे पाण्याला मोटारीच्या पोटाखालून लांबच लांब नळ्यांतून जा-ये करावी लागते. त्या नळ्यांत कोठेही हवा अडकली की पुढचे पाणी थंड आणि मागचे उकळते, अशी अवस्था होते. २०१० च्या मे महिन्यात, पारा त्रेचाळिसावर असताना, तामलवाडीच्या अलीकडे तापमानाचा काटा चढू लागला. इंजिनातली उष्णता बाहेर काढायचा त्या क्षणी एकच मार्ग होता, तो म्हणजे आत हीटर लावणे. मे महिन्यातील दुपारी, सोलापूर जिल्ह्यात, काचा खाली करून, हीटर पूर्ण लावून मोटार चालवणारा मनुष्य रसवंतीवाल्याने पाहिला आणि त्याने न विचारता आधी माझ्या डोक्यावर पाणी ओतले, मग रसाचा ग्लास पुढे केला. नंतर शहरातील एका वृद्ध कारागिराने त्या रेडिएटरची जाळी नव्याने भरून दिली, दोन्ही बाजूंचे जुने रबरी होजपाईप मी बदलले आणि हवा काढण्याची रीत शिकलो. नाक उतारावर वर राहील अशी मोटार उभी करायची, पाणी सावकाश ओतायचे, एकेका ठिकाणची हवा सोडायची आणि घाई करायची नाही. गेल्या पंधरा उन्हाळ्यांत काटा पुन्हा हलला नाही. तरीही एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर ती बाहेर काढत नाही. इंजिनापेक्षा चालकाचे वय हे आता अधिक मोठे कारण आहे.

इंधनाविषयी एक गंमत सांगतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, म्हणजे माझ्याच तालुक्यातील उसाचा अंश जपानी मोटारीच्या टाकीत जातो. शेतकऱ्याचे भले होत असेल तर मला आनंदच आहे. परंतु चाळीस वर्षांपूर्वीची रबरी नळी या इंधनासाठी बनवलेली नव्हती, आणि इथेनॉल ओल ओढून घेते, त्यामुळे टाकी अर्धी ठेवून मोटार महिनोन्महिने उभी करणे हे तिला घरीच गंज चढवण्यासारखे आहे. मी इंधनाच्या सर्व नळ्या नव्या प्रकारच्या घातल्या, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तिला फिरवून आणतो. जुनी मोटार ठेवणाऱ्यांना माझा हाच पहिला सल्ला असतो. ती चालवण्याने झिजते त्याहून अधिक उभी राहण्याने मरते.

सुटे भाग मिळण्याची काळजी सगळेच विचारतात. टायर मिळतात, माप साधे आहे. टायमिंग बेल्ट, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, ब्रेकचे रबर हे परदेशातील भाच्याकडून मागवतो. सस्पेन्शनचे बुश मी एमआयडीसीतील लेथवर कातून घेतले आणि ते मूळच्या बुशइतकेच टिकले, याचा मला गर्व आहे. जुन्या मागाचा न मिळणारा भाग नमुना पाहून घडवणे हे सोलापुरी फिटरला नवे नाही. जपानी कंपन्यांनीही उशिरा का होईना, आपल्या जुन्या मोटारींची दखल घेतली आहे. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे संपूर्ण पुनरुज्जीवन करून देण्याची सेवा जपानमध्ये जाहीर केली, त्याच वर्षी निसानने स्कायलाइन जीटी-आरचे बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले आणि टोयोटाने २०२० पासून २०००जीटी व जुन्या सुप्राचे भाग तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. एमआर-२ चा नंबर त्यांत अजून ठळकपणे लागलेला मी पाहिलेला नाही, परंतु तिचेच इंजिन असलेल्या जुन्या कोरोलाचे काही भाग त्यांनी पुन्हा काढले, यावर मी आशा ठेवून आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की ही सगळी हौस झाली. हौसेला मोल नसते, ते ज्याचे त्याने द्यावे. मान्य. मी ते देतही आहे. माझी तक्रार मोल किती आणि कशाच्या हिशेबाने, याविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंधरा वर्षे झाली की मोटार बेकायदा होते, असे आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. तसे नाही. दिल्ली व परिसरात राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांमुळे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर निर्बंध आले आणि तेथील बातम्या वाचून तो नियम सर्व देशाचा आहे, असा समज पसरला. महाराष्ट्रात खासगी मोटारीची पंधरा वर्षांनंतर तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि ती योग्य ठरली तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. केंद्राने २०२१ मध्ये आणलेले वाहन मोडीत काढण्याचे धोरणही खासगी मोटारींच्या बाबतीत वयापेक्षा योग्यतेकडे पाहते. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी मोटार पाच वर्षांची असली तरी रस्त्यावर नको आणि तपासणीत उतरणारी चाळीस वर्षांची असली तरी तिला हाकलू नये.

त्याच २०२१ मध्ये केंद्राने आणखी एक चांगला नियम केला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप टिकवून ठेवलेल्या दुचाकी व मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. तिच्या क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असते आणि पुढील नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. अशी मोटार रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असे बंधन आहे. हेही रास्त आहे.

प्रश्न पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांचा आहे. या वर्षांत मोटार ना नवी असते ना वारसा. कायद्याच्या लेखी ती निव्वळ म्हातारी असते. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील देशी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीचे ४०,००० रुपये झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी हेच आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपये करण्यात आले. माझ्या मोटारीचे मागील नूतनीकरण २०२३ मध्ये ४०,००० रुपये भरून झाले. पुढचे २०२८ मध्ये आहे, त्यानंतरचे २०३३ मध्ये. म्हणजे दोन्ही मिळून १,६०,००० रुपये, कर आणि विमा वेगळा. आणि २०३६ मध्ये, मोटारीने पन्नाशी गाठली की, तीच मोटार, तेच इंजिन, तोच चालक (देवाने ठेवल्यास), २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी राष्ट्राचा ठेवा ठरेल. एकोणपन्नासाव्या वर्षी जी शिक्षेस पात्र, ती पन्नासाव्या वर्षी सन्मानास पात्र, यामागचा तर्क मला अनेकदा विचार करूनही सापडलेला नाही. त्यात भर अशी की, परदेशातून पन्नास वर्षांहून जुनी मोटार आणण्याची वाट सरकारने २०२५ मध्ये मोकळी केली. बाहेरून म्हातारी मोटार आणायला मोकळीक आणि जवळजवळ चार दशके याच देशात सांभाळलेल्या मोटारीला देशी मोटारीच्या आठपट शुल्क, हे काही बरोबर दिसत नाही.

शुल्क वाढवण्यामागे जुन्या मोटारी लोकांनी आपणहून सोडाव्यात, असा हेतू असेल, तर तो येथे उलटा लागू पडतो. ज्याला मोटार केवळ ये-जा करण्यासाठी हवी आहे तो ती केव्हाच विकून मोकळा झालेला असतो. चाळीस वर्षांनंतर जी उरते ती फक्त जपणाऱ्याच्या घरी. माझी मोटार वर्षाकाठी जेमतेम दीड हजार किलोमीटर धावते. तिच्या काळी ब्रिटनमध्ये धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक नव्हते, त्यामुळे नव्या मोटारीइतकी ती स्वच्छ आहे, असा खोटा दावा मी करणार नाही. पण दर वेळी प्रदूषण चाचणीला ती स्वतःच्या वयासाठी ठरलेल्या मर्यादेत उत्तीर्ण झाली आहे आणि मर्यादा अधिक कडक केली तर त्या तयारीलाही मी लागेन.

तपासणीच्या वेळचा अनुभवही सांगितला पाहिजे. संबंधित कार्यालयातील संगणकाच्या यादीत या मोटारीचे नावच नव्हते, म्हणून मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. एका सुचवणीनुसार तिची नोंद दुसऱ्याच एखाद्या टोयोटा गाडीच्या नावाने करायची होती, ती मी नाकारली. विमा कंपनीने चोरी व अपघाताचे संरक्षण देण्यास नकार दिला आणि फक्त तृतीय पक्षाचा विमा घ्या, असे सांगितले. वास्तविक पाच वर्षांवरील मोटारीचे मूल्य विमा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायचे असते. परंतु ठरवायला समोर कोणी बसलेच नाही. कोणावर दोष ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या वस्तूला कायद्यात नाव नाही, तिच्यासाठी खिडकी तरी कोठून असणार?

इतर देशांनी हा मधला काळ कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत तीस वर्षांवरील, मूळ स्थितीत जपलेल्या मोटारीला क्रमांकाशेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते आणि कराची सवलत मिळते; ही पद्धत १९९७ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील मोटारीला वाहनकर माफ आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येतही तीस वर्षे हीच मर्यादा आहे. उलट खुद्द जपानमध्ये तेरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर कर वाढतो, आणि त्यामुळे तेथील कितीतरी चांगल्या मोटारी परदेशी गेल्या, याची खंत तेथील शौकीन करतात. म्हणजे सर्व शहाणपण जपानकडे आहे, असेही नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की, व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नासऐवजी तीस वर्षांचा एक वेगळा, खालचा वर्ग करावा. त्याच्या अटी कडक असाव्यात. मोटार मूळ स्वरूपात हवी, दर वर्षी धुराची व ब्रेकची तपासणी हवी, धंद्यासाठी वापर नको, वर्षाकाठी अंतराची मर्यादा हवी असेल तर तीही घालावी. दोन हजार किलोमीटर म्हटले तरी माझी हरकत नाही. मात्र चालवण्यावर प्रदर्शन आणि रॅलीपुरतेच बंधन या वर्गाला नको, कारण तीस-चाळीस वर्षांच्या मोटारीची तब्येत पंधरा दिवसांच्या फेरफटक्यावरच टिकते, हे मी वर लिहिले आहेच. अशा मोटारींत सगळ्या जपानी नसतील. प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान काँटेसा, पहिली मारुती ८००, इतकेच काय येझदी आणि राजदूतही याच फटीत अडकलेल्या आहेत, आणि त्या या शहरात माझ्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

जपानच्या नागोया शहरात टोयोडांच्या जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत १९९४ पासून एक संग्रहालय आहे; त्यात १९२४ चा तो माग आणि त्यांच्या मोटारी एकाच छताखाली ठेवलेल्या आहेत. आपल्या शहरातील गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांतील यंत्रे पन्नास वर्षांची होती की ऐंशी, हे मोजायला कोणी थांबले नाही. मी तरुणपणी त्यांतील काही माग वजनाच्या भावाने ट्रकमध्ये चढताना पाहिले आहेत. त्या वेळी ते जुने होते, प्राचीन नव्हते, म्हणून गेले. आता तसा एखादा चालू माग नातवाला दाखवायचा म्हटले, तर कोठे न्यावे, हे मला ठाऊक नाही.

जाता जाता महापालिकेसाठी एक ओळ. गतिरोधक कसा असावा, याचे मानक देशात आहे, उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. जुळे सोलापुरातील आमच्या रस्त्यावर गल्लीकरांनी रातोरात घातलेले उंचवटे याच्या जवळपासही नाहीत, आणि माझी बसकी मोटार ते तिरकी करून, एकेक चाक चढवत ओलांडते तेव्हा मागे रिक्षांची रांग लागते. त्या रिक्षाचालकांची मी येथे जाहीर क्षमा मागतो.

ज्या वाचकाच्या पत्रामुळे हे सर्व लिहिले, त्यांना माझे निमंत्रण आहे. मोटारीत दुसरी जागा एकच आहे आणि ती रविवारी पहाटे साडेपाचला मोकळी असते. आपल्या कार्यालयामार्फत त्यांनी कळवावे. प्रदूषण चाचणीचा दाखला समोरच्या खणात ठेवलेला असतो, तो त्यांनी स्वतः पाहावा. नळदुर्गाला चहा मी पाजीन. हीटर लावण्याची वेळ येणार नाही, याची हमी देतो.

आपला नम्र,
एक यंत्रमागधारक वाचक,
जुळे सोलापूर